आधी राम राम, मग बातमी

काका, माफ करा. तुमच्याबद्दल लिहायला तुमची मुलगी आहे, पुतणे आहेत, टेलिफोन एक्स्चेंजमधले तुमचे जुने सोबती आहेत. मी तुम्हाला जेमतेम दीड वर्ष ओळखत होतो, आणि तेही नात्यानं नाही, एका टेबलामुळे. त्यात मी हिंदी शाळेत शिकलेला. घरी मराठी बोलतो, पण ती आमची, मध्यप्रदेशातल्या लांजीकडची. कागदावर उतरवायची वेळ कधी आली नव्हती. घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे असं काही लिहायचं कसं हे विचारायला घरी कुणी नाही. विचारलं असतं ते तुम्हालाच. पण काकू म्हणाल्या, "लिही रे होमेश. त्यायले दुसऱ्याच्या चुका काढाले लय आवडे. काढतीन तिथून." म्हणून लिहितो आहे. चुका तुमच्याकडे सोपवतो.

तर काका, राम राम. जेवण झालं का?

बघा, पद्धत पाळली. तुम्ही गेल्याची बातमी माझ्यापर्यंत कशी पोचली, तेही तुमच्याच पद्धतीनं शेवटी सांगीन.

आपली गाठ पडली ती बसस्टँडमागच्या गल्लीत, शैलेशभाऊंच्या ऑफिसात. बालाघाटच्या दुकानांना, शाळांना, लांजी आणि राजेगावकडच्या गावांना ते इंटरनेट पुरवतात. मी कॉलेज सुटल्यावर दुपारी तिथे कामाला यायचो. तुम्ही निवृत्तीनंतर घरी बसवत नाही म्हणून यायचात, आणि काकूंच्या म्हणण्याप्रमाणे घरच्यांना तुम्ही स्वस्थ बसू देत नव्हतात म्हणून. भाऊंनी मला एक काम दिलं होतं. "होमेश, वो अलर्ट लगा दे यार. कुछ भी गड़बड़ हुई तो सबके मोबाइल पे आना चाहिए." मी मान डोलावली. मला ते काम येत नव्हतं, पण नाही म्हणायलाही येत नव्हतं.

तुम्ही चष्मा कपाळावर चढवून माझ्या मागे उभे राहिलात आणि विचारलंत, "काय करून राह्यला?"

मी अडखळत सांगितलं. गावोगावी खांबावर, गच्चीवर आपले इंटरनेटचे डबे आहेत. प्रत्येक डबा आपल्याबाबतीत काय घडलं ते एकेका ओळीत लिहून सतत पाठवत असतो. वीज गेली, वीज आली, लाईन पडली, कुणी चुकीचा पासवर्ड टाकला. त्या ओळींना लॉग म्हणतात. त्या सगळ्या कोपऱ्यातल्या ह्या जुन्या कॉम्प्युटरवर जमा होतात, तो लॉग सर्व्हर. आणि नेटवर्कवर लक्ष ठेवणारं हे सॉफ्टवेअर त्या ओळी वाचत बसतं. आपण त्याला सांगायचं, अमुक ओळ दिसली की तमुक माणसाला मेसेज कर.

"म्हंजे गावचा कोतवाल," तुम्ही म्हणालात. "साऱ्या गावाचं ऐकायचं, आन् कोनाच्या दारात जाऊन काय सांगायचं ते ठरवायचं. अवघड काम हाय बाबू. लाव, पाहू तुहा कोतवाल."

मी लावला. आणि काही सुटू नये म्हणून सगळंच लावलं. ज्या ओळीत कसलीही तक्रार आहे, ती प्रत्येक ओळ सगळ्यांच्या मोबाइलवर. चालू करून मी पाणी प्यायला गेलो. परत येईपर्यंत शैलेशभाऊंचा फोन टेबलावर थरथरत सरकत काठापर्यंत गेला होता आणि तुम्ही तो पडतो कधी हे मन लावून बघत होतात. लाईनवर जाणाऱ्या जगदीशभाऊंनी घाबरून फोनच बंद करून टाकला. त्यामुळे त्या दुपारी खरोखर एक लाईन पडली, तेव्हा ती सांगायला कुणी सापडेना.

मला वाटलं आता काम गेलं. तुम्ही मला समोर बसवलंत, चहा मागवलात आणि एक्स्चेंजमधल्या घंटीची गोष्ट सांगितलीत. तुमच्या तरुणपणी कपाटाएवढ्या यंत्रांवर एक घंटी असायची. कुठं काही बिघडलं की वाजायची. जुन्या एक्स्चेंजमध्ये रोजच काहीतरी बिघडलेलं, म्हणून ती दिवसभर वाजायची. शेवटी कुणीतरी तिच्यात कापूस कोंबला. सगळ्यांना बरं वाटलं. मग एक दिवस खरंच मोठा बिघाड झाला, अर्ध्या गावाचे फोन मुके झाले, आणि तुम्ही सगळे कापसाच्या कृपेनं शांतपणे भजी खात बसला होतात.

"जे घंटी रोज वाजते," तुम्ही म्हणालात, "तिच्यात मानूस कापूस कोंबतेच. जगदीशनं तेच केलं. त्याच्यावर नको चिडू."

मी जगदीशभाऊंवर चिडलो नव्हतो, काका. मी स्वतःवर चिडलो होतो आणि ते तुम्हाला दिसलं होतं. तुम्ही मुद्दाम दुसऱ्याचं नाव घेतलंत. हे मला आत्ता लिहिताना कळतं आहे.

त्यानंतरचे दिवस माझ्या आठवणीत सगळ्यात चांगले आहेत. रोज दुपारी आपण लॉग सर्व्हरसमोर बसायचो. मी एकेक ओळ वाचून तिचा अर्थ सांगायचो आणि तुम्ही एकच प्रश्न विचारायचात. "ह्यानं कोन उठंल?"

म्हणजे हा मेसेज आला तर कोणता माणूस खुर्चीवरून उठून काही करणार आहे? त्याचं नाव सांग. नाव सांगता आलं तर अलर्ट ठेवायचा, नाहीतर काढायचा. कुणीतरी एकदा चुकीचा पासवर्ड टाकला, कोण उठेल? कुणीच नाही. काढ. तोच माणूस चुकीचे पासवर्ड टाकतच सुटला आहे, कोण उठेल? मी उठेन. ठेव. राजेगावची वीज एकदा डोळा मिचकावून परत आली, कोण उठेल? मी म्हणालो, "जगदीशभाऊ?" तुम्ही म्हणालात, "एक उचकी आली का वैद्य बोलावते का कोनी? पानी पे म्हनते." मग आपण ठरवलं की थोड्या वेळात अशा उचक्या लागोपाठ आल्या तरच जगदीशभाऊंना कळवायचं. सॉफ्टवेअरमध्ये ते आकडे भरताना मला पहिल्यांदा वाटलं की मला काहीतरी येतं.

घरी बाबूंना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी सांगायला गेलो की मी काय करतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेजाऱ्याला सांगितलं, "आपला होमेश बालाघाटले घंटीवर हाय." हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की चष्मा कपाळावरून नाकावर आला. म्हणालात, "बरोबर सांगतलं त्यायनं. मीबी आयुष्यभर घंटीवरच होतो."

मग मेसेजच्या मजकुराची पाळी आली आणि आपलं पहिलं भांडण झालं. सॉफ्टवेअर आपणहून जो मजकूर पाठवायचं तो इंग्रजीत, लांबलचक. जगदीशभाऊ तो न वाचताच मला फोन करून विचारायचे, "का झालं सांग ना सीधा." तुम्ही म्हणालात, माणूस माणसाशी बोलतो तसं लिही, आपल्या भाषेत लिही. मी लिहायला बसलो आणि तुम्ही खांद्यावरून मात्रा सुधारत राहिलात. मी मराठी लिहायला शिकलो तो असा, अलर्टचे मेसेज लिहून. मला वाटतं जगात मी एकटाच असेन.

पण तुम्हाला नुसती मराठी पुरेना. "हे काय लिहिलं? राजेगाव बंद? असं कोनाच्या अंगावर बातमी फेकते का? आधी राम राम म्हन. जेवन झालं का विचार. घाबरायचं काम नाई म्हन. मंग सांग."

मी म्हणालो, "काका, हे यंत्र आहे."

"यंत्र सांगनारं हाय. ऐकनारा मानूसच हाय ना?"

मी लिहिलं, तुम्ही म्हणालात तसं शब्दन् शब्द. दोन दिवसांनी राजेगावहून एका दुकानदाराचा फोन आला, "भैया, नेट कब आएगा? ग्राहक खड़े हैं." आपण पाहिलं तर मेसेज केव्हाच गेलेला. जगदीशभाऊंना फोन लावला, स्पीकरवर.

"जगदीश, मेसेज भेटला?" तुम्ही विचारलंत.

"हौ, भेटला ना."

"मंग?"

"मंग काय, जेवन झालं म्हनून सांगतलं ना मी लगेच. तुमचं झालं का तेबी विचारलं. तुमचंच उत्तर नाई आलं."

देवनागरीतला मेसेज लवकर भरतो, आणि मोठा मेसेज तुकड्यातुकड्यानं पाठवायची सोय मी चालू केलेली नव्हती. जगदीशभाऊंच्या फोनवर एवढंच पोचलं होतं: "राम राम जगदीशभाऊ. जेवण झालं का? घाबरायचं काम नाही, बातमी अशी आहे का". आपल्या बोलीतल्या त्या 'का'वर, म्हणजे 'की'वर, बातमी संपली. जगदीशभाऊ पुढच्या ओळीची वाट बघत झाडाखाली गाडीवर बसून होते. राजेगावात काय झालं होतं? कुणीतरी आपल्या डब्याचा प्लग काढून तिथे कूलर लावला होता.

मला वाटलं आता तुम्ही मान्य कराल. मी म्हणालो, बातमी आधी, राम राम नंतर. तुम्ही नाही म्हणालात. आणि मग तुम्ही तारेची गोष्ट सांगितलीत, जी नंतर तुम्ही मला इतक्यांदा सांगितलीत की तुमची आई मला माझीच आजी वाटते. तुम्हाला नोकरी लागली ती तारेनं कळलं. तारवाला दारात उभा राहिला आणि तार म्हणजे कुणीतरी गेलं, हे सगळ्यांना इतकं पक्कं माहीत की तुमच्या आईनं ती उघडायच्या आधीच हंबरडा फोडला. शेजारच्या बाया जमल्या. वडिलांनी डोक्याला हात लावून खाली बसकण मारली. तुम्ही नदीवरून आंघोळ करून आलात तर घरात रडारड, आणि तुम्हाला बघून ती आणखी वाढली. तार कुणी वाचलीच नव्हती.

"त्या दिवशी कळलं मले," तुम्ही म्हणालात, "बातमी वाईट नसते रे. दारात येऊन उभी कशी राह्यते, त्यानं मानूस अर्धा मरते. उभ्यानं बातमी देऊ नये आन् उपाशी मानसाले तं बिलकुल देऊ नये."

मी म्हणालो, पण जगदीशभाऊंना अर्धी बातमीही नाही मिळाली. तुम्ही म्हणालात, पण जेवण तर झालं ना त्याचं.

हे भांडण मिटलं नाही. शेवटी मी दोन साचे केले. जगदीशभाऊंना कोरडा मेसेज, गावाचं नाव आधी. तुमच्या नंबरला राम राम वाला, दोन तुकड्यांत. पहिला तुकडा आला की तुम्ही फोन खाली ठेवून स्वस्थ बसायचात. दुसरा येईपर्यंत जगदीशभाऊंनी किक मारलेली असायची. मी चिडवायचो तर म्हणायचात, "मले थांबता येते."

दुसरं भांडण तर आपण नीट सुरूही केलं नाही. मी म्हणालो होतो, काका, जो डबा चालू आहे पण ओळी पाठवणंच बंद करतो, त्याचं काय? गप्प राहणं हीसुद्धा बातमी आहे. त्याचाही अलर्ट लावू.

तुम्हाला ते अजिबात पटलं नाही. "चालू हाय ना? मंग बोल्ला नाई तं काय बिघडलं? तुह्या सॉफ्टवेअरमंदी कोनाले गप राहायची परवानगी हाय का नाई?"

"पण आतून काय झालंय ते कळणार कसं?"

"दम धर. सांगायचं असंल तं सांगंल तो." मग घड्याळाकडे बघून म्हणालात, "तुहे पेपर होऊ दे. मंग भांडू. आता अभ्यास कर." आणि मीच शिकवलेल्या पायऱ्यांनी, एकेका बटणावर बोट ठेवून, तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये माझं नाव शोधलंत आणि शेवटच्या पेपरापर्यंत मला एकही अलर्ट येणार नाही असं करून टाकलंत. "तुही घंटी बंद केली म्या. घरी जा, पुस्तक उघड. नागपूरले पोरीकडं जाऊन राह्यलो मी, आठ-पंधरा दिवसानं भेटू."

मी लांजीजवळच्या आमच्या गावी गेलो. पेपराला बसनं बालाघाटला यायचो आणि परत. प्रत्येक पेपर झाला की तुम्हाला मेसेज करायचो. आज बरा गेला काका. आज एक प्रश्न सुटला. पहिल्याला तुमचं "हौ" आलं. नंतर काही आलं नाही. मला वाटलं, नागपूरला मुलीकडे मजेत आहात, नातवंडांनी फोन पळवला असेल. तुम्हीच शिकवलं होतं ना, गप्प आहे म्हणजे बरं आहे.

तुम्ही दवाखान्यासाठी गेला होतात हे मला माहीत नव्हतं. शैलेशभाऊंना माहीत होतं, जगदीशभाऊंना माहीत होतं. मला न सांगण्याचं तुम्ही ठरवलंत. नागपूरला घाटावर, तुम्हाला पोचवायला, सगळे होते, मी नव्हतो. मी त्या दिवशी एका उत्तराला आकृती काढत होतो. काका, ह्यावर मला तुमच्याशी भांडायचं आहे, आणि तुम्ही समोर नाही. एवढी एक गोष्ट सोडली तर माझी काही तक्रार नाही. आणि ह्या गोष्टीवरही, खरं सांगायचं तर, सकाळी तक्रार असते, संध्याकाळी नसते. मी पेपर नीट देऊ शकलो. आमच्या घरातला पहिलाच माणूस, ज्यानं असे पेपर दिले. तुम्हाला ते माझ्याइतकंच माहीत होतं.

आता इकडची खुशाली. तेरवीला मी वाढायला होतो. पंगत बसली आणि जगदीशभाऊ पानावर हात धरून म्हणाले, "काकाचा मेसेज आला असता आता, जेवन झालं का. त्या खेपी उपाशीच झालं म्हनून सांगतलं होतं, आता खरं उत्तर दिलं असतं." काकूंना हसू आलं, मग सगळी पंगत हसली. तुमच्या पुतण्यांना काही कळलं नाही, त्यांना मी नंतर समजावून सांगितलं.

शैलेशभाऊ म्हणाले, अलर्टच्या यादीतून काकांचा नंबर काढावा लागेल. मी काकूंना विचारायला गेलो. तुमचा फोन देवघराजवळ चार्जिंगला होता. त्या म्हणाल्या, "राहू दे. एवढी वर्षं घरात घंटी वाजली. एकदम बंद कशाले?" म्हणून ठेवला आहे, राम राम वाल्या साच्यासकट. परवा लांजीकडे लाईन पडली तर जगदीशभाऊ निघायच्या आत काकूंचा ऑफिसात फोन आला. "अरे होमेश, लांजीले का झालं? जगदीश गेला का? पानी घेऊन गेला का? ऊन हाय लय." आमच्याकडे आता असा अलर्ट आहे जो पाण्याचीही चौकशी करतो.

आणि तुमच्या परवानगीशिवाय गप्प डब्याचा अलर्टही मी लावला. पण तुमची अर्धी बाजू राखली आहे. डबा गप्प झाला की लगेच कुणाला उठवायचं नाही. एक अख्खा दिवस त्याला गप्प राहायची परवानगी आहे. त्यानंतर मेसेज येतो. मजकूर मीच लिहिला, मात्रा तपासायला कुणी नव्हतं: "राम राम. हा डबा बोलत नाही आहे. बरा असेल, पण एकदा जाऊन विचारा." कोण उठेल, तर मी उठेन. त्यात माझं नाव टाकलं आहे.

आता ती बातमी.

शेवटचा पेपर देऊन मी बसस्टँडला आलो होतो. लांजीची बस लागायची होती. फोन वाजला आणि त्यावर तुमचं नाव. मी इतका खूश झालो की नमस्कारही नीट केला नाही. म्हणालो, "काका, संपले पेपर. आता भांडायला मोकळा आहे मी."

"होमेश, मी काकू बोलून राह्यली. राम राम बेटा."

"राम राम काकू."

"पेपर कसा गेला?"

"बरा गेला."

"जेवन झालं का?"

काका, तेव्हाच मला कळलं. पहिला तुकडा आला होता. मला तिथेच सगळं विचारता आलं असतं. मी म्हणालो, "नाही काकू. अजून नाही."

"मंग आधी जेवून घे. बसून जेव. मंग फोन लाव, मी हावोच इथं."

मी समोरच्या हॉटेलात जाऊन बसलो. वरण, भात, वांग्याची भाजी होती. मी सगळं जेवलो, पानात काही टाकलं नाही. बस आली आणि गेली. हात धुतले, परत येऊन बाकावर बसलो आणि फोन लावला.

"झालं काकू जेवण."

"बसला हाय ना?"

"हौ."

"घाबरायचं काम नाई," काकू म्हणाल्या. मग त्या थोडं थांबल्या, आणि मीही थांबलो. ह्या वेळी मेसेज मधेच तुटला नाही. "बातमी अशी आहे का बेटा, तुहे काका गेले. तुहे पेपर होईपर्यंत सांगू नोको म्हनले होते."